दुसरा आवाज

बेळगाव,
१३ जानेवारी २०२५

आक्का,

हे पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोन केला असता. पण तुला ऐकायला कमी येतं म्हणून तू स्पीकर लावतेस, मलाही ओरडायला लावतेस आणि मग बोरगावात आणि बेळगावात एकदमच सुनावणी होते. व्हॉट्सॲपवर लिहिलेल्याचे फोटो काढून लोक कुठं कुठं पाठवतात, ते मी कोर्टात रोज बघतो. म्हणून हे कागदावर.

आधी आनंदाचं सांगतो. दिवाळीपासून मला एका अल्बमचं वेड लागलंय. 'ड्राय डे' त्याचं नाव आणि बँडचं नाव 'बारा टायर'. युवराज म्हणून एक नंदगडचा गडी आहे, जहाजावर नोकरीला होता. तिथं त्याला अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांच्या बारमध्ये वाजणाऱ्या संगीताचा नाद लागला. हाँकी-टाँक म्हणतात त्याला. आडवी ठेवलेली गिटार रडत असते, व्हायोलिन तिची समजूत काढतं आणि गाणारा आपलं घर कसं मोडलं ते ठेक्यात, हसत हसत सांगतो. यानं ते सगळं आपल्या इकडच्या बोलीत आणलं. पियानोच्या जागी पेटी घेतली. मागं कंपनी नाही, जाहिरात नाही. पेनड्राइव्हवर भरून हायवेच्या ढाब्यांवर विकायला ठेवला. निपाणीच्या कोर्टातून येताना तवंदी घाटाजवळ चहाला थांबलो तेव्हा मला तो मिळाला, आणि घरी पोचेपर्यंत मी कामातून गेलो होतो.

आता आमचा एक ग्रुप आहे, 'ड्राय डे मंडळी'. मीच सुरू केला. चिकोडी, खानापूर, कोल्हापूर, कुठकुठली माणसं आहेत. आमचं सगळ्यात मोठं भांडण तिसऱ्या गाण्यावरून. ते एका बाईनं गायलंय. कव्हरवर नाव नाही, नुसतं 'दुसरा आवाज' एवढंच. म्हणून आम्ही तिला 'दुसरी' म्हणतो. गाणं संपता संपता कुणीतरी शिंकतं, तेही तसंच ठेवलंय. ती शिंक आमच्यातल्या काहींनी फोनची रिंगटोन केली आहे!

ऐक:

घाट उतरून आलो मी
उंबऱ्यापाशी थांबलो मी
ताटात वाढलं समदं ग्वाड
जिभंचं मीठ कुठं इसरलो मी

बाई असून खेड्यातल्या बायकांसारखं 'आलो मी' म्हणते. काय गोडवा आहे त्यात! मीठ म्हणजे अश्रू, असा मी अर्थ लावला आणि तो सगळ्यांना पटला.

आता मुद्द्याचं. सौम्याबद्दल आहे. ती दर रविवारी माहेरी नंदगडला जाते. आईचा गुडघा दुखतो म्हणून. मागच्या रविवारी मी सासूबाईंना सहज फोन केला आणि गुडघ्याचं विचारलं, तर म्हणाल्या, "कसला गुडघा?" मग जरा थांबल्या आणि घाईनं म्हणाल्या, "व्हय व्हय, दुखतंय की. सौम्या आत्ताच शेताकडं गेली." आक्का, साक्षीदाराचं थांबणं मला कळतं.

शिवाय ती परत येते तेव्हा तिच्या ओढणीला तंबाखूचा वास असतो. तिच्या माहेरी तंबाखूला कुणी हात लावत नाही. संध्याकाळभर शिंकत असते आणि धुळीनं झालं म्हणते. आणि मी तिसरं गाणं लावलं की उठून स्वयंपाकघरात जाते. माझी आवडसुद्धा तिला आता सोसत नाही.

तुझ्याशी ती मोकळं बोलते. तिच्या मनात कोण आहे ते बघशील का?

तुझा,
राघवेंद्र


बोरगाव,
२० जानेवारी २०२५

राघू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या बारीला हसलो, दुसऱ्या बारीला राग आला. (मी अजून 'हसलो'च म्हनतो, हे तुझ्या आईला, काकूंना, सांगू नगंस. लगीन होऊन बोरगावात आलो तवापासनं त्या मला 'बेबी पार खेड्यातली झाली' म्हनत्यात.)

लोकांच्या घटस्फोटाच्या केसा चालवून तुझी नजर बिघडलीया. बायको आयतवारी म्हायारी गेली, ह्यात काय चोरी हाय? तुझ्या सासूचं, जयाबाईंचं वय झालंय, गुडघा इसरल्या आसतील. सवताचा गुडघा कोन इसरतंय व्हय, असं तू म्हनशील. म्हातारपनी सगळं इसरतंय. तुला कळंल फुडं.

तंबाखूचा वास म्हनशील तर बसमधी शेजारी कोन बसलं, ते आपल्या हातात आसतंय काय? आमच्या हिकडं तर अख्ख्या गावालाच त्यो वास हाय. आता गावातल्या समद्या बायकांवर खटला भरनार हाईस काय?

पोरगी सरळ हाय. केस बारीक केल्यापासनं तोंड जरा उतरल्यागत दिसतंय, पन मनानं खंबीर हाय. तिला उलटतपासनीला उभी करू नगंस.

तुझ्या गान्याचं मला इचारू नगंस, मला कुठं ऐकाय येतंय? पन त्या वळी वाचल्या. मीठ म्हंजे आसवं, असं तू लिवलंयस. मीठ म्हंजे नुसतं मीठच आसलं तर?

बेबीआक्का


बेळगाव,
३ फेब्रुवारी २०२५

आक्का,

तुझं पत्र मीही दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यावर बोट थांबलं.

सौम्यानं केस कापले ते दिवाळीनंतर. तुझी तिची भेट झाली गणपतीत, आपल्या घरी. त्यानंतर तू बेळगावला आलेली नाहीस आणि ती बोरगावला गेलेली नाही. निदान माझ्या माहितीप्रमाणे. मग तिचं तोंड उतरल्यागत दिसतं हे तुला कुठून दिसलं?

इतके दिवस माझा एकीवर संशय होता. आता दोघींवर आहे. वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुझ्या पत्रात प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं आणि एकही उत्तर सरळ नव्हतं.

घरात मी काही बोलत नाही. मन रमवायला 'मंडळी' आहेतच. मागच्या आठवड्यात 'दुसरी'च्या आवाजावर एक मोठं टिपण लिहिलं. ते इतकं फिरलं की कोल्हापूरच्या एका प्राध्यापकांनी फोन करून अभिनंदन केलं. मी लिहिलंय, हा आवाज शहरात घडत नाही. जिला कुणी 'असं बोल, तसं बोलू नको' म्हणून सांगितलं नाही अशाच बाईच्या गळ्यात तो राहतो. जेवायच्या आधी सौम्याला वाचून दाखवलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "आणि ही बाई भेटली तर काय बोलणार तिच्याशी?" मी म्हणालो, "बोलणार काही नाही, ऐकत बसेन. असली बाई आपल्या घरात कुठली!" त्यावर ती खूप वेळ हसली. इतकी, की डोळ्यांत पाणी आलं. मला त्या हसण्यात कुचेष्टा दिसली.

आता ग्रुपनं 'दुसरी'ला शोधायचं ठरवलंय. शामू म्हणून एक निपाणीचा मुलगा आहे, औषधाच्या दुकानात असतो, भलता उत्साही. तो युवराजच्या मागावर आहे. सोळा मार्चला निपाणीत त्यांचा पहिला कार्यक्रम आहे, त्याच्या आत तिचं नाव सगळ्यांना कळलं पाहिजे असा त्याचा हट्ट. तो म्हणतो, नाव लपवणारी बाई आणखी काहीतरी लपवत असणार. मी वकील आहे. मला ते नाकारता येत नाही.

केसांचं तेवढं कळव.

राघवेंद्र


बोरगाव,
८ फेब्रुवारी २०२५

राघू,

केस फोटूत बघितले. कुनी दावला ते ध्यानात न्हाय.

त्या बाईला हुडकायचं बंद कर. तुझा ग्रुप, तू म्होरक्या, तुझ्या एका शब्दानं थांबंल. तिनं नाव दिलं न्हाय, म्हंजे तिला द्यायचं न्हाय. तिला घरदार आसंल, सासू आसंल. तुमी मोठ्या हौसंनं तिच्या दारात हार घेऊन जाशीला आन तिचं व्हायचं ते व्हऊन बसंल.

का सांगतो ते इचारू नगंस.

आन आयतवारी हिकडं येऊ नगंस. मी घरात नसतो हल्ली.

बेबीआक्का


बेळगाव,
२४ फेब्रुवारी २०२५

आक्का,

मी येणार असं मी कधी लिहिलं होतं? तू येऊ नको म्हणालीस, तेव्हाच कुठं यायचं ते मला कळलं.

काल सौम्याला सांगितलं की मला धारवाडला पक्षकाराकडं जायचंय. ती घराबाहेर पडली तशी मीही गाडी काढली. बसस्थानकात ती खानापूरच्या बाजूला गेलीच नाही. निपाणीच्या बसमध्ये बसली. बसच्या मागं मी गाडी कशी चालवली ते आठवत नाही. संकेश्वर गेलं, तवंदी घाट गेला. रस्ताभर एकच प्रार्थना करत होतो, की तिनं मधेच कुठंतरी उतरून परतीची बस धरावी.

निपाणीच्या स्टँडबाहेर जीप उभी होती आणि जीपजवळ युवराज. कव्हरवरच्या फोटोत आहे तसाच, तोच टोपीवाला. ज्याचं गाणं मी घरोघर पोचवलं, त्याच्या जीपमध्ये माझी बायको हसत चढली. 'दुसरी', 'दुसरी' म्हणून मी नाचत होतो आणि माझ्या घरात दुसरा होता.

जीप बोरगावच्या रस्त्याला लागली तेव्हा वाटलं, पुढं इचलकरंजीला जात असतील. पण ती तुझ्या गल्लीत वळली आक्का. तुझ्या गल्लीत.

घराला कुलूप होतं. वखारीचं दार मात्र लोटलेलं. दाजी गेल्यापासून बंद आहे म्हणतेस ती तंबाखूची वखार. अंगणात पाय टाकला आणि जुन्या तंबाखूची धूळ नाकात गेली. रुमाल तोंडावर दाबून कशीबशी शिंक आवरली, आणि त्या अल्बममधली शिंक कुठली ते तिथंच कळलं. आत व्हायोलिन चाललं होतं.

मग तो आवाज आला.

आधी काय वाटलं सांगू? आनंद झाला. कशासाठी आलोय तेच विसरलो. 'दुसरी' इथं आहे, भिंतीपलीकडं उभी आहे, असं वाटून अंगावर काटा आला. मग दाराच्या फटीतून बघितलं. माझी बायको कानावर हात ठेवून गात होती. तू एका पोत्यावर बसून लाकडी खांबाला तळवा लावला होतास, डोळे मिटले होतेस. गाता गाता ती थांबली आणि व्हायोलिनवाल्याला म्हणाली, "नागेंद्र, हितं जरा हळू घे रं. मला श्वास घिऊ दे." ही बोली, हा हुकूम, हे हसणं मी माझ्या घरात एकदाही ऐकलेलं नाही.

आत आलो नाही. कुठल्या नात्यानं येणार होतो, नवऱ्याच्या की तिच्या गाण्याच्या भक्ताच्या? परत फिरलो. संध्याकाळी ती आली. मी विचारलं, "आई कशा आहेत?" ती म्हणाली, "बऱ्या आहेत." आम्ही जेवलो.

तुम्हा सगळ्यांना माहीत होतं. व्हायोलिनवाल्याला, युवराजला, सासूबाईंना, तुला. फक्त मला नाही. मी तुला पत्रं लिहीत होतो आणि ती वाचून तू तिच्याबरोबर बसत होतीस. युवराज आणि सौम्या, त्या दोघांत काय आहे, एवढं तरी आता खरं सांग.

राघवेंद्र


बोरगाव,
४ मार्च २०२५

राघू,

आधी आयतवारी काय झालं ते सांगतो. तुला ठावं आसंल. तरी बी सांगतो.

सौम्या बसमधनं उतरली तवा स्टँडवर ही गर्दी. हातात हार, समद्यांचे फोन वर. "दुसरी आली, दुसरी आली!" कुनी पाया पडतंय, कुनी गळ्यात हार घालतंय. हितंच एक कडवं म्हना म्हनून कुनी हट्ट धरून बसलंय. एक जन तिच्या तोंडाम्होरं फोन धरून इचारतोय, "युवराज तुमचा कोन?" युवराजची जीप भायेरच अडकली. पोरगी छातीशी पिशवी धरून उभी हुती. मग बेळगावची बस लागली, त्यात चढली. तुझ्या घरला गेली न्हाय. तशीच फुडं नंदगडला गेली. तोवर तिचा व्हिडिओ तुझ्या कोर्टातल्या लोकांकडं बी पोचला हुता म्हन.

सांजच्याला शामू युवराजकडनं पत्ता घेऊन माझ्या दारात आला. रडत हुता. "आमी चांगल्या मनानं गेलतो," म्हनला. मी इचारलं, तुमाला कुनी सांगितलं? त्यानं फोन दावला. 'निपाणी स्टँड, रविवारी सकाळची बेळगावची बस, बारीक केसांची बाई.' खाली तुझं नाव. मला पत्र लिवलंस त्याच दिवशी त्याला बी लिवलंस. मला मोठं चार पानी रडगानं, आन त्याला एक वळ.

आता तुझ्या सवालाचं उत्तर. त्या दोघांत काय हाय? गानं हाय. एका वर्गात शिकलीत दोघं. त्याची बायको रचना दर बारीला तितंच बसलेली आसती, पेटी तीच वाजवती. तू फटीतनं बघितलंस, म्हनून तुला एकच बाजू दिसली.

मागल्या उन्हाळ्यात युवराज माझ्याकडं आला. जाड भिंतीची जागा पायजे हुती त्याला, भायेरचा आवाज आत येऊ नये म्हनून. सौम्याला मीच बोलीवलं. गनपतीत तुमच्याकडं आलतो तवा ती भांडी घासताना गुनगुनत हुती. मला ऐकाय आलं न्हाय, पन तिच्या पाठीवर हात ठेवला तवा हाताला कळलं. तुला सांगू नगंस, हे बी मीच सांगितलं. परत येळ आली तर परत तसंच सांगंन.

का, ते इचार. लगीन होऊन ती तुमच्या घरात आली त्या दिवसापासनं काकू तिला सुधारत्यात. "आलो न्हवं, आले म्हण. लई न्हवं, खूप म्हण." तू शेजारी जेवत आसायचास. तुला ते ऐकाय बी येत नसंल, मला येत न्हाय तसं. पोरगीनं तोंड मिटून घेतलं आन कामापुरतं तुमच्यासारखं बोलाय शिकली. आन तू जगाला सांगत हिंडतोस, जिला कुनी टोकलं न्हाय तिचाच आवाज खरा म्हनून!

तिच्या म्हायारी आत्ताच जाऊ नगंस. कागदावर लिव काय लिवायचं ते. मी पोचवतो.

बेबीआक्का


नंदगड,
१० मार्च २०२५

अहो,

तुमचं पत्र आक्कांनी आणून दिलं. मी माज्या बोलीत लिवतो. तुमाला वाचाय अवघड जाईल, जाऊ दे.

पत्र लई चांगलं लिवलंय. म्हणूनच भरवसा बसंना. माफी हाय, पश्चात्ताप हाय, आन मधीच पानभर माज्या आवाजाचं कौतुक. ते वाचताना वाटलं, हे पत्र मला आलंय का 'दुसरी'ला? इतक्या वर्सात तुमी मला कधी पत्र लिवलं न्हाय. आता लिवलं, कारण मी तीच हाय हे कळलं. मी ती नसतो तर? युवराजच्या जीपमधनं नुसती उतरून कुठं शिवणाच्या क्लासला गेलो असतो, तर तुमी असं लिवलं असतं काय?

तुमी ते टिपण वाचून दावत हुता त्या दिवशी मी सांगणार हुतो. जिभंवर आलतं. तेवढ्यात तुमी म्हणालात, असली बाई आपल्या घरात कुठली. मी भाजी चिरत राह्यलो.

चोरून जायाला मला बी ग्वाड वाटत न्हवतं. आईला माज्यापायी खोटं बोलाय लागलं, तिला ते जमलं बी न्हाय. पण त्या वखारीत गेलो की माजं तोंड उघडायचं. घरला येताना, घाट चढायच्या आधीच मिटायचं.

स्टँडवरच्या माणसांचा मला राग न्हाय. त्यांनी हार आणलता. गाणं त्यांच्या मनाला लागलंय, ते दिसत हुतं. पण त्यांनी मला हुडकलं न्हाय. तुमी मला दिलं. ठावं असून, घरात माज्या हातचं जेवून, माज्याशी एक शब्द न बोलता दिलं. माज्यावर शक हुता तर मला इचारायचं. मी खोटं बोललो असतो कदाचित. तरी बी इचारायचं.

कार्यक्रम हाय सोळा तारखंला. मी गाणार हाय. आता लपवाय काय उरलंय? नाव बी सांगणार हाय. तुमी येऊ नका. तुमी म्होरं बसलासा तर मी तुमच्याकडंच बघत राहीन, की ह्यांच्या तोंडावर काय हाय, आन गाणं बिघडंल.

त्याच्या फुडच्या आयतवारी, तेवीसला, नंदगडला या. येताना फोन घरात ठेवून या. मी गाणार न्हाय, बोलणार हाय. आयकाय जमलं तर बसा.

सौम्या


बेळगाव,
२४ मार्च २०२५

आक्का,

काय झालं ते तू विचारणारच, म्हणून आधीच लिहितो.

सोळा तारखेला मी घरीच होतो. सगळी मंडळी गाड्या भरून निपाणीला गेली. ग्रुप आता शामू बघतो, मी बाहेर पडलो. जाताना काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तेही चांगलंच लिहिलं गेलं असतं. दुपारी आई बाहेरच्या खोलीत येऊन बसली. म्हणाली, "तू गेला नाहीस?" मी म्हणालो, "मला बोलावलं नाही." तिनं मटारची टोपली पुढं ओढली. मग म्हणाली, "मलाही नाही." आम्ही दोघं मटार सोलत बसलो. बाहेरच्या दुकानात कुणीतरी तिसरं गाणं लावलं होतं. मला वाटलं आई उठून खिडकी लावेल. तिनं लावली नाही. तिच्या मनात काय चाललंय ते मला अजून कळलेलं नाही.

कार्यक्रम कसा झाला ते तुला माझ्याहून जास्त माहीत. मी एकही व्हिडिओ बघितला नाही. कोर्टात एका शिपायानं थांबवून सांगितलं, "वहिनींनी नाव सांगितलं तवा माणसं उभी राह्यली साहेब." मी मान हलवली. त्या वेळी तिथं नसलेला मीच एक होतो असं वाटलं.

काल नंदगडला गेलो. फोन नेला नाही. सासूबाईंनी अंगणात खुर्ची टाकली आणि त्या आत गेल्या. माझ्याकडं बघितलंही नाही. सौम्या पायरीवर बसली आणि बोलायला लागली.

आक्का, ती जे काही बोलली ते सगळं मी लिहिणार नाही. ते तिचं आहे. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून तिनं सुरुवात केली. एके ठिकाणी मी तिला थांबवून म्हणालो, "नाही, ते दसऱ्याला झालं, दिवाळीला नव्हे." ती म्हणाली, "मी बोलू का तुमी बोलतासा?" त्यानंतर मी तोंड उघडलं नाही. काही शब्द मला कळले नाहीत, माझ्याच बायकोचे. विचारायची लाज वाटली, तरी एकाचा अर्थ मी विचारला. तिनं सांगितला.

तुला खरं सांगतो, ती बोलत असताना अधूनमधून माझं लक्ष शब्दांवरून उडून आवाजावर जात होतं. तिला ते लगेच कळायचं. ती थांबायची, माझ्याकडं बघायची, मी परत शब्दांवर आलो की पुढं बोलायची.

एकदाच तिनं मला प्रश्न केला. "येवढं लिवलंत त्या आवाजावर. एकदा बी वाटलं न्हाय, ही सौम्या आसंल?"

वाटलं होतं म्हणावं असं क्षणभर मनात आलं. ते तिला गोड लागलं असतं, निदान मला तसं वाटलं. पण मी म्हणालो, "नाही. एकदाही नाही."

तिनं मान डोलावली. त्या उत्तरानं तिला बरं वाटलं की वाईट, हे मी सांगू शकत नाही. पण ती उठून आत गेली नाही.

ऊन उतरल्यावर मी निघालो. ती घरी कधी येणार ते मी विचारलं नाही आणि ती बोलली नाही. फाटकापर्यंत आली. म्हणाली, "फुडच्या आयतवारी येतासा काय?"

"येतो."

"गाणं आयकाय?"

"नाही."

ती बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी आजवर कितीतरी साक्षीदारांकडं असं बघितलंय. माझ्याकडं असं कुणी पहिल्यांदाच बघत होतं. मी नजर हलवली नाही.

"बरं," ती म्हणाली. "या."

तुझा,
राघू